बुढीमायचा पुरा कप

बुढीमायकडे मी पहिल्यांदा चहा मागितला तेव्हा पहिलीत होते, आणि तो मला मिळाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. असे नऊ दिवस गेले. थंडीचे दिवस, डोंगरातलं गाव, अंगात एक फ्रॉक आणि वर भावाचा ढगळ स्वेटर. शाळेच्या वाटेवर तिची झोपडी होती, दारातच चूल. सगळी पोरं तिथे थांबायची, ऊब घ्यायची, चहा प्यायची आणि मग शाळेत जायची. माझ्या वाट्याला नुसता धूर. दहाव्या दिवशी मला इतका संताप आला, की मी पाय आपटून किंचाळले, "मले चाय पाहिजे!"

तिने मान वर केली. जणू मी आत्ताच आले होते.

"किती?"

"थोडा."

"थोडा कायले? पुरा माग."

"मले पुरा कप चाय पाहिजे!"

मग कप भरला. काठोकाठ. मी तो दोन्ही हातांत धरून प्यायले, जीभ भाजली, आणि तिच्याकडे रागाने बघत राहिले. खोटं कशाला सांगू, पुढे कितीतरी दिवस मला ती बाई अजिबात आवडत नव्हती.

तिचं नाव मी सांगणार नाही, गावाचंही नाही. त्याला कारण आहे आणि ते सांगितल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही. एवढं सांगते, की गाव सालेकसाच्या पलीकडे, वर डोंगरात आहे. खालून रेल्वे जाते. गाडीचा आवाज वर येतो, गाडी दिसत नाही. धान, मोहफुलं आणि विडीसाठीचा तेंदूपत्ता यांवर गाव जगतं. आणि बुढीमाय बहिरी, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भर मे महिन्यात ती लोकरीची माकडटोपी कानांवरून ओढून बसायची. बहिऱ्या कानांना वारा लागू नये म्हणून, असं लोक म्हणायचे.

तिच्या चुलीचे कायदे होते. ती फुंकत असताना दुसऱ्या कुणी फुंकणीला हात लावायचा नाही. पाणी उकळेपर्यंत गंजाकडे, म्हणजे चहाच्या पातेल्याकडे, टक लावून बघायचं नाही, पाणी लाजतं म्हणे. आणि सगळ्यात मोठा कायदा म्हणजे, पोरीनं चहा मागायचा तो उभं राहून, मान वर करून, पुऱ्या वाक्यात आणि खणखणीत आवाजात. पोरांना मात्र उलटा नियम. पोरांनी कप रिकामा होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. बोललं, की कप काढून घ्यायची आणि चहा परत गंजात ओतायची. पोरं कुरकुरायची, "माय, पोरीइले बोल म्हंते अना आमाले चूप बस म्हंते, असं काऊन?" तिला काही ऐकू यायचं नाही. ती चुलीत काटकी सारायची.

आमच्याकडे चहात दूध घालत नाहीत. गाईचं दूध वासराचं, असं आमची जुनी माणसं मानत आली आहेत. बुढीमायचा चहा म्हणजे उकळत्या पाण्यात गवती चहाची पात, ठेचलेलं आलं, गोडीसाठी मूठभर वाळलेली मोहफुलं आणि सगळ्यात शेवटी चहापत्ती. रंग लालभडक. पिताना आधी मोहाचा वास येतो, मग आलं घशाला लागतं. एकदा शाळेत नवे गुरुजी बदलून आले, पार तिकडचे, पुण्याकडचे. त्यांनी पहिल्याच दिवशी अदबीने विचारलं, "आजी, यात थोडं दूध मिळेल का?" बुढीमायने त्यांना हाताला धरून गोठ्यात नेलं, वासरासमोर उभं केलं आणि म्हणाली, "याले इचारा." गुरुजींनी पुढे सहा वर्षं काळा चहाच प्यायला आणि बदली झाली तेव्हा गवती चहाचं एक रोप सोबत घेऊन गेले.

एकटी राहायची. नवरा कधीच वारला होता, पोरंबाळं नव्हती. कुणी त्याची हळहळ केली, की तिला त्या वेळी हमखास ऐकू यायचं नाही. शिकलेली नव्हती. पण शाळेची घंटा वाजली आणि एखादी पोर अजून चुलीपाशी रेंगाळत असली, की काठी उगारायची. मला तेव्हा कधी प्रश्न पडला नाही, की बहिरीला घंटा कशी कळते? वानरं ओरडली, की सगळ्यांच्या आधी ती उठून म्हणायची, "वाघरू आलं नाल्यात." गाव म्हणायचं, तिला जमिनीतून कळतं. आम्हीही तेच म्हणायचो. लहानपणी माणूस काय वाट्टेल ते खरं मानतो.

सातवी पास होईपर्यंत माझा आवाज असा झाला होता, की आई म्हणायची, ही पोरगी कोणत्या घरात नांदेल? नाल्यापलीकडे चरणाऱ्या म्हशीला मी अंगणातून हाक मारायचे आणि म्हैस यायची. माझीच काय, आमच्या सगळ्या पोरींची हीच गत. बहिरीशी बोलून बोलून आमचे गळे तसे झाले होते.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा सालेकसाला. बस यायची ती खालच्या सडकेवर, आणि गावापासून सडकेपर्यंत तासभर जंगलातून चालत जावं लागायचं. पोरं सायकली दामटत जायची. मोठ्या चार पोरी घोळक्याने चालत जायच्या. त्यांच्यात माझी मैत्रीण सुगन होती, माझ्याहून एक वर्षाने मोठी, डोक्याने फार हुशार. ती आठवीत असताना मोहफुलांच्या दिवसांत त्या वाटेवर अस्वलीण आली, पिल्लांसकट. गावातल्या एका बाईच्या खांद्याचा लचका तोडला तिने. बाई वाचली, पण त्या दिवसापासून चारही पोरींची शाळा बंद. सुगन घरी बसली. ती दिवसभर भांडी घासायची आणि संध्याकाळी माझी सातवीची पुस्तकं मागून नेऊन पुन्हा वाचायची. वाचून झालेली पुस्तकं! आणि येत्या जूनमध्ये माझी पाळी होती.

गुरुजींनी डेपोत अर्ज केला, की बस गावापर्यंत आणा. तिकडून उत्तर आलं, आणू, पण गावात बस वळवायला जागा दाखवा. आमच्या गावात सपाट जागा म्हणाल तर एकच. फडी. म्हणजे तेंदूपत्त्याचे पुडे वाळत घालायचं मोकळं मैदान. आणि त्या फडीचा हिशेब ठेवणारे मुन्शी कोण? माझे बाबा.

बाबा वाईट नव्हते हो. फडीवर त्यांचा जीव होता. तेंदूच्या दिवसांत अख्खं गाव तिथे असायचं, पहाटे पानं तोडून आणायची, दुपारी पुडे बांधायचे, ओळीने मांडायचे. वर्षाचं मीठमिरची त्या मैदानावर पिकायचं. तिथे कुणी बकरी सोडली तरी बाबा काठी घेऊन धावायचे. मी घरी एकदा बसचा विषय काढला, तर ताटावरून न उठता म्हणाले, "फडी गावाची लक्ष्मी हाय. तिच्यावरून मोटार फिरवतीन का?" आणि विषय संपला.

ग्रामसभा बसली जूनच्या सुरुवातीला, दुपारी. आता आमच्या सभेची एक रीत सांगते, ती समजल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे सभेचा शेवट चहाने होतो. फार पूर्वी म्हणे भांडण मिटलं, की दोन्हीकडचे लोक एका भांड्यातली मोहाची प्यायचे. पुढे सभेत दारू बंद झाली आणि तिच्या जागी चहा आला. एका गंजातला चहा सगळ्यांनी घेतला, की गोष्ट मिटली. त्यानंतर तो विषय कुणी काढायचा नाही. काढला तर तो सगळ्यांच्या कपात थुंकल्यासारखा अपमान. आणि चहा करायच्या बायका, पंचायतीच्या मागच्या पडवीत. पुरुष पुढे बोलणार, बायका मागे चूल पेटवणार, आणि बायका पुढे येणार त्या चहाचे कप घेऊन. म्हणजे बघा, बाई सभेत पाऊल टाकते तेव्हा गोष्ट मिटलेली असते. तिने बोलायचं कधी? इतक्या वर्षांत ही गोम कुणाच्या ध्यानात आली नव्हती. बायकांच्यासुद्धा नाही, म्हणूनच तर ती टिकली होती.

सभेचा चहा बुढीमायचाच असायचा. दुसऱ्या कुणाच्या हातचा चहा लोकांना सभेचा वाटायचाच नाही. त्या दिवशी मी, सुगन आणि आणखी पाच-सहा पोरी पडवीत कप विसळत होतो. मध्ये एक कुडाची भिंत. पलीकडचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

सरपंचांनी डेपोचं पत्र वाचून दाखवलं. मग बाबांचा आवाज आला. फडी दिली तर तेंदू कुठं वाळवायचा? गावानं खायचं काय? पलीकडून "बराबर हाय, बराबर हाय" असा गलका झाला. गुरुजी काहीतरी बोलायला गेले, तर कुणीतरी म्हणालं, "गुरुजी, तुमी आज हा, उद्या बदली." गुरुजी बसले. मग सरपंच म्हणाले, "जागा नाई तं बस नाई. पोरी सातवीवरक शिकल्या, बेस झालं. चला, चाय आना वं!"

माझ्या हातातला कप पाण्यात तसाच राहिला. सुगन खाली बघत होती आणि तिची टिपं त्याच पाण्यात पडत होती. चहा पुढे गेला, की सगळं संपणार होतं. यंदापासून मीही कुणाची तरी जुनी पुस्तकं मागत फिरणार होते.

मी बुढीमायकडे पाहिलं. चहा तयार होता. तीन उकळ्या आल्या होत्या, रंग चढला होता, झाकण ठेवायचं तेवढं बाकी. तिने शेजारचा लोटा उचलला आणि भदाभदा गार पाणी गंजात ओतलं.

"चाय आना!" सरपंच पुन्हा ओरडले.

ती चुलीत ओलं लाकूड सारत होती. धूर नुसता पडवीभर.

"अवं बुढीमाय, चाय!"

"तिले का ऐकू येते गा," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

मग ती आमच्याकडे न बघता, गंजाशी बोलल्यासारखी म्हणाली, "चाय झाली नाई अजून. जवरक चाय होत नाई, तवरक गोष्ट बंद होत नाई."

बस्स, एवढंच. मला अजून कधी कधी वर्गात शिकवताना ते वाक्य आठवतं. सुगनने माझ्या कमरेला ढोसलं. "तू जा. तुहा बाप हाय म्हून तुलेच जा लागते." मी म्हटलं, "माहा बाप हाय म्हून तं मी जात नाई." पण पाय उचलले होते. आठ-दहा पावलं असतील. कुडाच्या भिंतीला वळसा घातला आणि मी सभेत उभी राहिले.

माझ्या हातात चहा नव्हता. तेच सगळ्यांना आधी दिसलं. रिकाम्या हाताने बाईमाणूस सभेत आलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि मी तर तेरा वर्षांची. बाबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "चाय कुठी हाय?"

"चाय... मले बोलाचं हाय," मी म्हटलं. म्हटलं कसलं, पुटपुटले. इतका मोठा माझा आवाज, म्हशीला बोलावणारा, कुठे गेला कोण जाणे. नुसते ओठ हलले. दोघं-तिघं हसले. सरपंच म्हणाले, "जा बाई, जा मांगं."

आणि कुडाच्या मागून बुढीमाय गरजली, "आँ? कोन बोलून राहिलं? ऐकू नाई येऊन राहिलं!"

देवाशपथ सांगते, माझा गळा आपोआप सुटला. सात वर्षांची सवय. तिला ऐकू आलं नाही, की मोठ्याने बोलायचं, मान वर करायची, पुऱ्या वाक्यात बोलायचं. मी बाबांकडे पाहिलंच नाही. मी त्या भिंतीकडे तोंड करून, पलीकडच्या बहिरीला सांगितलं.

"तेंदू मे महिन्यात राहते! मे महिन्यात शाळा राहत नाई! शाळा असते तवा फडी खाली राहते, अना फडी भरते तवा आमाले सुट्टी राहते! मंग बस वळाले का होते?"

अहो, गावातली प्रत्येक बाई, प्रत्येक पोर त्या मैदानावर बसून पुडे बांधत होती. शाळेला सुट्टी लागली, की आम्ही फडीवर आणि फडी उठली, की आम्ही शाळेत, हे आमच्या अंगवळणी पडलं होतं. पण पुरुषांच्या डोक्यात शाळा एका कप्प्यात आणि तेंदू दुसऱ्या कप्प्यात. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून कुणी पाहिलंच नव्हतं. कोपऱ्यातले एक म्हातारे खो खो हसायला लागले आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "पोट्टी खरं बोलून राहिली गा!"

बाबा म्हणाले, "पानी पडलं म्हंजे बस फसन तिथी. फडीची माती होईन."

"मुरूम टाकू आमी." हे मी नाही बोलले. सुगन बोलली. ती माझ्या मागे कधी येऊन उभी राहिली मला कळलंच नाही. तिच्या मागे बाकीच्या पोरी. सगळ्यांचे हात ओले आणि रिकामे.

सरपंच जरा नरम झाले. शहाणा माणूस, मधला मार्ग काढू बघत होते. म्हणाले, "बरं, असं करू. आठवीवरक पाहू. एक साल बस येऊ द्या. मंग पुढचं पुढं."

एक साल! खरं सांगायचं तर मला तेवढ्यानेही आनंद झाला होता. हो म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. पण कानात दुसराच आवाज आला, सात वर्षं रोज सकाळी ऐकलेला. थोडा कायले?

"बारावीवरक," मी म्हटलं. "पुरं पाहिजे. सब्बन पोरीइले."

आता सगळे बाबांकडे बघत होते. फडी त्यांची होती ना. बाबा बराच वेळ जमिनीवर बोटाने रेघोट्या ओढत बसले. मी सुगनचा हात धरला होता. मग बाबा उठले, धोतर झटकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मे महिन्यात बस माह्या फडीत दिसली तं याद राखजा." आणि भिंतीकडे तोंड करून ओरडले, "चाय आन वं बुढीमाय!"

या वेळी तिला एका हाकेत ऐकू आलं. हेही त्या गडबडीत माझ्या लक्षात आलं नाही.

तो चहा कडूजहर झाला होता. धुराने भरलेला, वरून गार पाणी घातलेला, तासभर उकळलेला. सरपंचांनी तोंड वाकडं केलं, बाबांनी डोळे मिटले, पण कप कुणीही खाली ठेवला नाही. सगळ्यांनी संपवला. गोष्ट मिटली.

पुढे पंधरा दिवस पोरी आणि बायकांनी टोपल्यांनी मुरूम वाहिला. पहिली बस आली तेव्हा अख्खं गाव फडीवर जमलं होतं. ड्रायव्हर गोंदियाचा, हिंदी बोलणारा. बुढीमायने त्याच्या हातात कप दिला, तो म्हणाला, "माताजी, बहुत बढ़िया..." आणि तिने कप काढून घेतला. चहा संपेपर्यंत पुरुषांनी बोलायचं नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बिचारा दुसऱ्या कपाला तोंड मिटून बसला आणि प्यायला. बाबा बाजूला काठी घेऊन उभे होते. बस वळली, तेव्हा तेच हात हलवून "आन, आन, आन दे" करत होते. बारावी होईपर्यंत त्यांनी मला रोज बसपर्यंत सोडलं. सभेतल्या त्या दिवसाबद्दल मात्र कधी एक अक्षर बोलले नाहीत. मीही नाही. चहा घेतला होता ना आम्ही दोघांनी.

सुगन आज अंगणवाडी चालवते. मी गोंदियात कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. शेजारच्या वर्गातल्या मॅडम रोज म्हणतात, "मॅडम, जरा धीरे, आपका मान्सून हमारे क्लास में भी आ रहा है." मी हसते. त्यांना काय सांगू, हा आवाज घरचा नाही, हा मला चुलीवर मिळालेला आहे. मागच्या बाकावरच्या मुली तोंडातल्या तोंडात बोलायला लागल्या, की मी कानामागे हात धरते. "काय? ऐकू नाही आलं."

गेल्या दिवाळीत मी एक शहाणपणा केला. मला वाटत होतं, या बाईसाठी आपण आजवर काही केलं नाही. लुगडं घ्यावं तर ती नेसायची नाही, मिठाई आणावी तर मुंग्यांना घालायची. मग डोक्यात आलं, कानाचं मशीन! गोंदियातल्या चांगल्या दुकानातून घेतलं, चालवायचं कसं ते नीट समजून घेतलं आणि त्याच बसने गावी गेले. फडीवर उतरले. बुढीमाय आता थकली आहे, गुडघे धरतात, पण चूल तिचीच आणि डोक्याला तीच माकडटोपी. मी तिच्यासमोर बसून डबी उघडली, ओरडून ओरडून समजावलं, की हे असं कानात घालायचं, मग तुले सब्बन ऐकू येईन. तिने ते बोटांत धरलं, उजेडात पाहिलं, हुंगलं, डबीत परत ठेवलं आणि डबी पत्र्याच्या पेटीत टाकून दिली. मग पाठ वळवून चहा टाकायला लागली.

मी जरा हिरमुसले. मनातलं खरं सांगायला आले होते आणि ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. काही गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत हो. ती पाठमोरी होती, बहिरी होती, म्हणून मी हळूच, अगदी स्वतःशी बोलल्यासारखं म्हटलं, "माय, तू नसती तं मी आजही फडीवर पुडे बांधत बसली असती."

चुलीकडे तोंड करून ती म्हणाली, "कायले बसली असती? तुही जीभ तवाच एवढी लंबी होती."

मी तिच्याजवळ सरकले.

"माय," मी आणखी हळू म्हटलं, नुसत्या श्वासाने, "तुले ऐकू येते?"

"येते."

"कवापासून?"

"जनमापासून."

मला आधी हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. पन्नास वर्षं! पन्नास वर्षं या बाईने गावाचे टोमणे ऐकले, तोंडावर केलेली निंदा ऐकली, "बहिरी, बहिरी" म्हणून हसणं ऐकलं आणि एकदाही मान वळवली नाही. मी म्हटलं, "पन काऊन, माय?"

तिने पत्ती टाकली, झाकण ठेवलं. मग म्हणाली, "मी लहान होती तवा हळू बोलाची. माह्या बापाले ऐकूच नाई जाय. त्यानं इचारलंच नाई, अना मी सांगतलंच नाई. लगन झालं." तिने चुलीत काटकी सारली. "मोठ्यानं बोल म्हटलं तं पोट्टी लाजते. बहिरीसंग बोलाले कोन्ही लाजत नाई."

तिने माझ्या हातात कप दिला, मी तो धरला, आणि माझं नाक वाहत होतं ते पदराने पुसलं. मग तिने बोट नाचवत दम भरला, "गावात सांगू नोको. पोरीइची खराबी होईन."

म्हणून नाव नाही आणि गावही नाही. तुम्ही कितीही विचारलंत तरी नाही.

तेवढ्यात फडीवर बसचा भोंगा वाजला. सुट्टीत बाहेरगावी गेलेली माणसं उतरत होती. थोड्या वेळाने दारात एक पोर येऊन उभी राहिली. सहा वर्षांची असेल, तेल चोपडलेल्या दोन वेण्या, हातात पिशवी. नवीन होती, मी ओळखलं नाही. पायाच्या अंगठ्याने माती उकरत, खाली मान घालून ती काहीतरी पुटपुटली. मला स्पष्ट ऐकू आलं. तिला चहा हवा होता. थोडासा.

बुढीमायने माकडटोपी कानावर ओढली. "आँ?" म्हणाली, आणि टोपीखालून माझ्याकडे पाहिलं.

मी हातातला कप खाली ठेवला आणि त्या पोरीला म्हटलं, "जोरानं बोल बाई. माय बहिरी हाय."